पाच फुटाला बारा बॅगा

पहाटे साडेचार

वैशाखात धारूरला स्लॅब असला की अंधारातच साइटवर हजर राहावं लागतं. गाव बालाघाटाच्या डोंगरावर, त्यामुळे पहाटे बरं वाटतं. पण अकराच्या पुढं सेंट्रिंगच्या पत्र्यावर पाय ठरत नाही आणि मिक्सरमधून निघालेला माल घमेल्यातच आळायला लागतो. म्हणून ऊन तापायच्या आत जमेल तेवढा स्लॅब उरकायचा, असा इथला नेम.

घाईला दुसरंही कारण आहे. आमच्या तालुक्यातली बरीच कामाची माणसं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. हंगाम संपून पट्टा पडला की परत येतात. त्यांच्यातूनच स्लॅबची टोळी उभी राहते आणि त्यांच्याच घरांचे स्लॅबही ह्याच दिवसांत पडतात. मृगाच्या आत सगळ्यांनाच डोक्यावर छत हवं असतं. आजच्या घराचे मालक-मालकीण दोघंही हातात कोयता धरणारे. हंगामाच्या कमाईतून हा स्लॅब होतोय, त्यामुळे दहा बॅगा जास्त आणायला सांगणं मला परवडतं, त्यांना नाही. आणि कमी पडल्या तर भर उन्हात दुकान गाठून, ट्रॅक्टर शोधून माल येईपर्यंत आधीचं काँक्रीट सेट झालेलं असतं. त्यावर नवं टाकलं की मध्ये जोड राहतो, आणि पहिल्याच पावसात पाणी नेमकं तिथूनच झिरपतं.

माझं काम अंदाजाचं. कागद खिशात आहे. २० बाय ३० फूट म्हणजे ६०० चौरस फूट, जाडी पाच इंच. ६०० ला ५ ने गुणायचं, १२ ने भागायचं: २५० घनफूट. पुष्कळांचा हिशोब इथंच थांबतो, कारण बीम कुणी धरलेले नसतात. पंधरा इंची बीमचे वरचे पाच इंच स्लॅबमध्ये मोजून झाले. खाली राहिले दहा, रुंदी नऊ. धावत्या फुटाला ०.६२५ घनफूट. लांबीचे तीन आणि आडवे तीन मिळून १५० फूट, म्हणजे ९४ घनफूट. बाहेर काढलेल्या छज्ज्याचे ९ मिळवले, जिन्यासाठी सोडलेल्या ३ बाय ८ च्या मोकळ्या जागेचे १० वजा केले. एकूण ३४३. सांडलवंडीला पाच टक्के धरून ३६०, म्हणजे ३.६ ब्रास. शंभर घनफुटांचा ब्रास. इंजिनियरच्या पुस्तकात तो २.८३ घनमीटर असतो, पण घनमीटरमध्ये वाळू मागितली तर ट्रॅक्टरवाला आपल्याकडं बघत राहतो.

जिथं बीम एकमेकांना छेदतात तिथला चौकोन ह्या रीतीनं दोनदा मोजला जातो. नऊ जागी मिळून चार घनफूट, साधारण एक बॅग. ती मी वजा करत नाही. सळईनं व्यापलेली जागाही कुणी वजा करत नाही.

आता मटेरियल. ३.६ ब्रास काँक्रीटला सगळं मिळून ३.६ ब्रास सामान पुरेल, असं मालकाला वाटतं. पण खडीच्या फटींत वाळू जाते, वाळूच्या फटींत सिमेंट जातं, पाणी पडल्यावर सगळंच खाली बसतं. शंभर घनफूट तयार काँक्रीटला सुमारे १५४ घनफूट कोरडं सामान लागतं. एम-२० ह्या मिश्रणाचं प्रमाण एकास दीडास तीन, म्हणजे १५४ चे साडेपाच वाटे. सिमेंट २८ घनफूट. ५० किलोची बॅग सव्वा घनफुटाला जराशी कमी भरते, तेव्हा ब्रासला २३ बॅगा. वाळू ४२ घनफूट, खडी ८४. ह्या घराला सिमेंट ८२ बॅगा, वाळू दीड ब्रास, खडी तीन ब्रास. दुकानातून ८५ बॅगा आणल्या आहेत.

सव्वापाच

हातात बॅटरी, दोरी आणि टेप. कागदावरच्या पाच इंचांना सेंट्रिंगची साथ नसेल तर काही अर्थ नाही. पत्रे बल्ल्यांवर उभे असतात. बल्लीखाली मऊ माती असली, पाचर सैल असली की मधला भाग दबतो. वरून मिस्त्री मात्र लेव्हल लावून पृष्ठभाग सपाटच करणार, म्हणजे मध्ये साडेपाच इंच होणार. अर्धा इंच ऐकायला काही नाही. सहाशे चौरस फुटांवर तो २५ घनफूट होतो, पाव ब्रास, सहा बॅगा! सांडलवंडीसाठी धरलेले पाच टक्के तिथंच संपले.

मधल्या खोलीत दोरी ताणली. दोरीपासून पत्र्यापर्यंत कडेला पाच, मध्ये साडेपाचला जवळ. सेंट्रिंगवाला अजून अंथरुणात होता, त्याला फोन करून बोलावला. चार बल्ल्यांखाली फळी सारून पाचर ठोकल्या. कव्हर ब्लॉक पाहिले. दोन ठिकाणी सळई पत्र्याला टेकलेली होती, ती उचलून घेतली. जिन्याच्या चौकटीच्या फटी सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या कोंबून बंद केल्या. फटीतून गळतं ते पाण्यासारखं दिसतं, पण त्याबरोबर सिमेंट जातं.

पावणेसहा

ट्रॉल्या काल संध्याकाळीच मोजल्या. माझ्या मते अंदाजाची खरी परीक्षा इथं असते, कागदावर नसते. लांबी-रुंदीचा गुणाकार शाळेतलं पोरगंही करतं. ट्रॉली आतून १० फूट लांब, साडेपाच रुंद, फळक्याची उंची पावणेदोन फूट. गुणाकार ९६ घनफूट. तिला एक ब्रास म्हणायचा रिवाज आहे, आणि शीग भरलेली असली तर म्हणायला हरकतही नाही. पण खडी खाणीवरून निघताना शिगेची असते; घाट चढून, खड्डे खाऊन येईपर्यंत फळक्याबरोबर होते. तीन ट्रॉल्यांत २८९ घनफूट आली, हवी होती ३०२. तेरा घनफूट म्हणजे साडेतीन बॅगांना लागणारी खडी. म्हणून चौथी अर्धी ट्रॉली मागवून ठेवली.

वाळूचा घोळ उलटा आहे. ओलसर वाळू फुगते. प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पापुद्रा असतो, कण एकमेकांपासून दूर राहतात. गंमत अशी की पूर्ण भिजवली की ती पुन्हा कोरडीएवढीच होते. काचेच्या उभ्या बरणीत वाळू घातली, हलकेच सारखी केली: सहा इंच. मग वरून पाणी ओतून काडीनं ढवळली, बसू दिली. पाच इंच. म्हणजे पाचावर एक, वीस टक्के फुगवटा. दोन ट्रॉल्यांची १९२ घनफूट वाळू प्रत्यक्षात १६० आहे. कागदावर दीड ब्रासला दोन ट्रॉल्या बघून मालकीणबाई काल म्हणाल्या होत्या, "सायब, वाळू लई झाली की वो." आज बरणी त्यांच्याच हातात दिली. त्यांनी पाण्याखाली बसलेली वाळू पाहिली, बरणी तिरकी केली, पुन्हा सरळ केली आणि विचारलं, "मंग वाळूवाल्यानं पैसे पाण्याचे घेतले का?" घेतले, आणखी काय.

नदीची वाळू माजलगाव-गेवराईकडून येते, तीही मिळाली तर. आता पुष्कळ ठिकाणी दगडाची क्रश वाळू चालते. तिच्यात बारीक भुकटी जास्त असली तर पाणी जास्त मागते, पण फुगवटा तीही देते. बरणी दोन्हींना लागू.

घमेल्याचं गणितही आत्ताच ठरवायचं. आमच्या मिक्सरवरचं घमेलं सपाट भरलं की साधारण नऊ लिटरचं. एका बॅगेला वाळू सहा घमेली, खडी बारा. आजची वाळू फुगलेली, म्हणून सात. मिक्सरवाल्याला हे तोंडी सांगून भागत नाही. घमेली भरणाऱ्या बाया आठ वाजेपर्यंत सपाट भरतात, मग घाईत शीग चढते, आणि शीग चढली की माल पातळ सिमेंटचा होतो. हिशोबात मात्र बॅगा वाचलेल्या दिसतात, आणि मालक खूश!

सव्वासहा

नारळ फुटला, खोबरं वाटलं, मिक्सर फिरला.

साडेनऊ

आता माझं काम रिकाम्या बॅगा मोजायचं. एका बॅगेचा माल ४.४ घनफूट होतो. घराची रुंदी वीस फूट. पाच फूट पुढं सरकलं की शंभर चौरस फूट स्लॅब आणि लांबीच्या तीन बीमचे पाच-पाच फूट भरून होतात. मिळून ५१ घनफूट, म्हणजे बारा बॅगांना जरासं कमी. आडवा बीम आला की तीन बॅगा वर. म्हणून मी सुरुवातीलाच कडेच्या फळीवर दर पाच फुटांवर खडूनं रेघ मारतो आणि रेघेजवळ आकडा लिहितो: पहिल्या रेघेला १५, दुसरीला २७, आणि पंधरा फुटांवर, मधला आडवा बीम पार केल्यावर, ४२. रिकाम्या बॅगा मिक्सरजवळ दहा-दहाच्या गठ्ठ्यात रचायला सांगतो. फळीवरचा आकडा आणि गठ्ठा जुळत गेले की संध्याकाळी काय उरणार ते नाश्त्याच्या वेळीच कळतं.

पंधरा फुटांच्या रेघेला माल पोचला तेव्हा ४३ बॅगा फुटल्या होत्या. एक जास्त. मधल्या खोलीतली पाचर पूर्ण बसली नसणार, शिवाय थोडं सांडलं. चालेल. पाच जास्त निघाल्या असत्या तर मी तिथंच मिक्सर थांबवून घमेली मोजली असती. पाच कमी निघाल्या असत्या तर आणखी लवकर थांबवला असता. कमी बॅगा लागल्या की सगळे आनंदतात. मला मात्र जाडी तपासावीशी वाटते. इंचाच्या खुणा केलेली सळई ओल्या काँक्रीटमध्ये खुपसून पाच इंच भरतात का ते पाहायचं.

साडेअकरा

ऊन. आता भांडण पाण्याचं. वर पसरवणारा ओरडतो, "पाणी वाढव रे, माल सरकंना!" एम-२० ला बॅगेमागं पाणी ३० लिटरच्या वर जाऊ नये, असं आयएस ४५६ ह्या प्रमाण संहितेत लिहिलेलं आहे, आणि त्यात ओल्या वाळूतलं पाणीही आलं. बादली पंधरा लिटरची. वाळू ओली असली तर पावणेदोन बादल्या पुरतात. तिसरी बादली पडली की माल नदीसारखा वाहतो, पसरवायला सोपा, आणि वाळल्यावर तितकाच पोकळ. मी बादली मोजायला मालकाच्या पोराला उभा केलाय. दहावीचा निकाल लागायचाय, तोवर रिकामा आहे, आणि मिक्सरवाल्याच्या शिव्यांना तो घाबरत नाही. माल सरकत नसेल तर व्हायब्रेटर नीट चालवायचा. तेवढ्यानं सरकतो.

खडी तापलेली असते, तिच्यावर सकाळपासून दोनदा पाणी मारलं. ते पाणी कुणाच्याच हिशोबात नव्हतं.

दुपारी एक

जेवणं पाळीपाळीनं. मिक्सर थांबवत नाहीत. स्लॅबच्या दिवशी टोळीला मटण द्यायची पद्धत आहे. ज्यांच्याकडं चालत नाही तिथं पुरी आणि गोड. हा खर्च अंदाजपत्रकात कुणी लिहीत नाही, मी लिहितो. त्यावरून मला हसतात.

अडीच

शेवटचा माल जिन्याच्या कडेला पडला. गठ्ठे मोजले: ८१. कोऱ्या हिशोबानं ७८ लागायला हव्या होत्या, पाच टक्क्यांसकट ८२ होत होत्या. मिस्त्री रंधा फिरवत होता आणि बाया घमेली धुवायला लागल्या होत्या.

चार

दुसऱ्या साइटवर, किल्ल्याकडच्या बाजूला. आमचा महादुर्ग १५६७ मध्ये किश्वरखान ह्या आदिलशाही सरदारानं बांधला. दगड-चुन्याच्या त्या तटाला किती चुना लागला असेल, ह्याचा अंदाज कुणीतरी केलाच असेल. तो कागद मिळाला तर मी माझा व्यवसाय बंद ठेवून वाचत बसेन.

इथं जुनं माळवद उतरवून नऊ कॉलमचं घर उभं करायचंय. लाकडी तुळया, वर किलचा, त्यावर वर्षानुवर्षं चढवलेली पांढऱ्या मातीची थप्पी. उन्हाळ्यात माळवदाखाली जो गारवा असतो तो स्लॅबखाली येत नाही, हे इथले म्हातारे सांगतात आणि खरं सांगतात. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि असली जड छपरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर मराठवाड्यात गारव्याची बाजू घेऊन कुणी फार वेळ वाद घालत नाही.

पायाचे खड्डे मोजायचे होते. फुटिंग चार बाय चार, खालचा फूटभर सरळ, वरचा फूटभर निमुळता होत एक बाय एकपर्यंत. सरळ भाग १६ घनफूट. निमुळत्या भागाला मिस्त्री खालच्या-वरच्या क्षेत्रफळाची सरासरी धरतो: १६ आणि १, भागिले दोन, साडेआठ. खरं उत्तर वेगळं आहे. १६, १ आणि त्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ ४, ह्यांची बेरीज २१. उंची एक फूट, म्हणून सरळ तिनानं भागायचं. सात. एका फुटिंगला दीड घनफूट जास्त धरलं गेलं, नवांना साडेतेरा, तीन बॅगा. मिस्त्री म्हणाला, "सायब, खड्डा कुठं तुमच्या कागदावानी चौकोनी हाय?" बरोबर बोलला. मुरमात खणलेल्या खड्ड्याच्या कडा ढासळतात, पीसीसीचा, म्हणजे फुटिंगखालच्या साध्या काँक्रीटचा, थर कडेपर्यंत पसरतो. म्हणून फुटिंगला सात धरले, पण पीसीसी खड्ड्याचं प्रत्यक्ष माप घेऊन मोजली. चार ठिकाणी सव्वापाच फूट भरलं, नकाशात पाच होतं. माझ्या तीन बॅगा मी अशा राखल्या आणि खड्ड्याचं जास्तीचं माप त्याला दिलं.

साडेसहा

परत सकाळच्या साइटवर. काँक्रीट बोटाला लागत नाही इतपत घट्ट झालंय, पण पूर्ण वाळलेलं नाही. उद्यापासून आळी करून पाणी भरायचं. आज रात्रीपुरता ओला बारदाना अंथरायचा.

ह्या भागात पाण्याचा अंदाज काँक्रीटच्या अंदाजाइतकाच जिवावरचा असतो. आज कालवायला दोन हजार लिटरच्या वर गेलं, खडी भिजवायला आणि भांडी धुवायला आणखी. एक इंच पाणी सहाशे चौरस फुटांवर उभं करायचं तर ५० घनफूट, सुमारे १,४०० लिटर. राखमिश्रित सिमेंट आणि असलं ऊन असेल तर निदान दहा दिवस ओलं ठेवा, असं तीच संहिता सांगते. पहिल्या दिवशी पूर्ण भरलं आणि पुढं रोज निम्मं जरी उडालं, तरी दहा दिवसांत सात-आठ हजार लिटर. टँकर पाच हजारांचा. म्हणजे सिमेंटच्या बिलाबरोबर दोन टँकर धरायचेच. हे आधी सांगितलं नाही तर चौथ्या दिवशी आळी कोरडी पडतात आणि आठव्या दिवशी "स्लॅबला केस का पडले" म्हणून फोन येतो. मालकीणबाईंनी उत्तर आधीच काढून ठेवलं होतं: एक टँकर सांगितलाय, आणि रात्री शेजारच्या बोअरची मोटर दोन तास.

बीमखालच्या बल्ल्या चौदा दिवस काढायच्या नाहीत, हे सेंट्रिंगवाल्याच्या देखत दोनदा सांगितलं. त्याचं सामान पुढच्या साइटवर पाहिजे असतं, त्याला दहाव्या दिवसापासून स्वप्नं पडायला लागतात.

साडेसात

उरलेलं मोजलं. सिमेंट चार बॅगा. वाळू फुगवटा वजा करून अकरा घनफूट. खडी जवळजवळ चाळीस. दुकानदार न फोडलेल्या बॅगा परत घेतो, आणि पावसाळाभर घरात ठेवून दगड करण्यापेक्षा ते बरं. पण घरातल्या आजी मघापासून दारात उभ्या होत्या. त्यांना दारापुढं धुण्या-भांड्याला जागा हवी होती. मालक म्हणाले, पुढल्या वर्षी बघू. आजी म्हणाल्या, "पुढल्या सालाला बॅगा तुझ्या घरी चालत येतेत का?"

जमिनीवरच्या कामाला एकास दोनास चार पुरतं. त्या प्रमाणात एक बॅग साडेपाच घनफूट माल देते. चार बॅगांचा २२ घनफूट. तीन इंची थर दिला तर ८८ चौरस फूट. सांडलवंड धरून ८ बाय १० सांगितलं: २० घनफूट, पावणेचार बॅगांच्या आत. वाळू दहाच्या आत, ती आहे. खडीही आहे. खाली मुरूम ठोकून घ्यायचा, तो पायाच्या खड्ड्यातला पडलेलाच आहे.

"उतार नालीकडं ठिवा," आजी म्हणाल्या, "नायतर पाणी घरात येतं."

आठ फुटांना दोन इंच उतार. मिस्त्री उद्या सकाळी सहाला येतो म्हणाला, पण मजुरी वेगळी.